चिंता कोणाची, कोठार कोणाचे?

शुभवर्तमानातील ज्या वचनांना आपल्या घरांतून मानाचे स्थान मिळाले आहे, त्यांत उद्याची चिंता न करण्याविषयीच्या प्रभू येशूच्या वचनाचा क्रमांक बराच वरचा आहे. दिनदर्शिकेच्या पानावर ते असते, नव्या घराच्या आशीर्वादप्रसंगी मिळालेल्या चौकटीत असते, दुकानाच्या गल्ल्यामागच्या भिंतीवरही असते. सोबत आकाशातली पाखरे आणि रानातली फुले यांचे सुरेख चित्र असते. या वचनाशी कोणी भांडत नाही. त्यावर प्रवचन झाले तर श्रोते प्रसन्न मुद्रेने घरी जातात. आम्हांला नेमकी हीच गोष्ट संशयास्पद वाटते. प्रभूने हे शब्द उच्चारले तेव्हा ते सुखाची गुंगी आणण्यासाठी खचितच उच्चारले नव्हते. ज्या वचनामुळे आपल्या कपाटाची साधी कडीसुद्धा हलत नाही, ते वचन आपण ऐकले आहे की केवळ टांगून ठेवले आहे, हा प्रश्न आता स्पष्टपणे विचारावयास हवा.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडावा. चिंतेविषयीचा उपदेश पंचविसाव्या ओवीत सुरू होतो आणि त्याचा आरंभच 'म्हणून' या अर्थाच्या शब्दाने होतो. 'म्हणून' म्हणजे कशावरून? आधीच्याच ओवीत प्रभूने सांगितले आहे की एका दासाला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. देवाची आणि धनाची सेवा एकाच वेळी होत नाही. त्याच्याही आधी कसर आणि गंज यांनी नासणाऱ्या, चोरांनी पळविल्या जाणाऱ्या पृथ्वीवरील संपत्तीचा विषय आहे. म्हणजे प्रभूच्या बोलण्यात चिंता ही सुटी वस्तू नाही. ती संपत्तीच्या चाकरीचे वेतन आहे. ज्या धन्याची चाकरी कराल त्याचीच काळजी रात्री उशाशी येऊन बसेल, असा हा रोकडा हिशेब आहे. आपण मात्र 'म्हणून'च्या आधीचे सगळे गाळतो आणि पाखरांपासून वाचू लागतो.

संत लूकने तर हा प्रसंग अधिकच उघड करून मांडला आहे. गर्दीतला एक माणूस प्रभूला म्हणतो, माझ्या भावाला वतनाची वाटणी करून द्यायला सांगा. वाटणीचा हा तंटा कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही गावाला परका वाटणार नाही. बांधाच्या हातभर जमिनीपायी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना आपण पाहतो. त्याला उत्तर म्हणून प्रभू त्या धनवान शेतकऱ्याचा दाखला सांगतो, ज्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला आणि त्याच रात्री ज्याचा प्राण मागून घेतला गेला. या माणसाचे स्वगत नीट ऐकावे. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव! त्याच्या साऱ्या बोलण्यात दुसऱ्या माणसाचा उल्लेख नाही. बायको नाही, मूल नाही, ज्यांच्या घामाने ते पीक आले ते मजूर नाहीत. हा दाखला संपल्यावर मग पाखरे येतात, मग फुले येतात. आणि तो सबंध उपदेश कोठे जाऊन थांबतो? तेहतिसाव्या ओवीत, आपली मालमत्ता विकून दानधर्म करा या आज्ञेपाशी. आजवर एकाही दिनदर्शिकेवर ही ओवी पाखरांच्या चित्राखाली छापलेली आमच्या पाहण्यात आलेली नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. 'चिंता करू नका' हा उपदेश रित्या डब्यांच्या घराला शांत बसविण्यासाठी दिलेला नाही; तो प्रथम भरलेल्या कोठाराच्या मालकाला उद्देशून आहे. आणि ज्याचा डबा रिता आहे त्याला तो ऐकविण्याचा अधिकार त्याची चिंता वाटून घेणाऱ्यालाच आहे, इतरांस नाही.

आपल्या पंचगंगेकाठी या विधानाची परीक्षा वारंवार झाली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे कोल्हापुरातील शाळकरी पोरालाही पाठ असतात. २००५ साली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत नदीने ही रेषा ओलांडली. २०१९ साली तर पातळी ५५ फुटांच्याही वर गेली, पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि जिल्ह्यातील दोन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. शहरात सुतारवाड्यात पाणी सर्वांत आधी शिरते. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्या एकदमच उंबरठ्यावर येतात. अशा घरातील एखादी माता जूनअखेरीस आकाशाकडे पाहून धान्याचा डबा माळ्यावर चढविते, मुलांचे दाखले आणि शिधापत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवते, रात्री दोनदा उठून दाराबाहेर बॅटरी मारून पाहते. ही चिंता म्हणजे अश्रद्धा काय? तिला आपण पाखरांचे वचन ऐकवावे काय?

ऐकविणारे ऐकवितात, हीच दुःखाची गोष्ट आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून, ज्याच्या जिन्याची दुसरी पायरीसुद्धा कधी भिजली नाही अशा घरातून, 'देवावर भरवसा ठेवा' हा निरोप खाली पाठविला जातो. या निरोपाविषयी पवित्र शास्त्राचे मत काय आहे, ते संत याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्वच्छ लिहिलेले आहे. एखादा बंधू वा भगिनी उघडीनागडी असेल, तिला रोजचे अन्न नसेल, आणि तुमच्यापैकी कोणी तिला ऊब घ्या, तृप्त व्हा एवढेच म्हणून वाटेला लावील, तर त्याचा उपयोग काय, असे प्रेषित विचारतो. अशा श्रद्धेला तो मृत म्हणतो. शब्द कठोर आहेत; पण ते आमचे नाहीत, याकोबाचे आहेत. गरिबाला चिंतामुक्तीचे प्रवचन देणे आणि त्याच्या हाती शिधा न देणे ही भक्ती नव्हे. ती स्वतःची पिशवी वाचविण्याची एक धार्मिक युक्ती आहे.

चिंता नाहीशी होत नसते. ती फक्त जागा बदलते. घरातील एकाने ती झटकली की दुसऱ्याच्या शिरावर जाऊन बसते, आणि आपल्याकडे ते दुसरे माणूस बहुधा स्त्री असते. मराठी ख्रिस्ती वाचकाला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण सर्वांनी वाचलेली आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा हात सढळ होता, हाती आलेले पैसे हाती टिकत नसत, आणि त्यांच्या औदार्यापुढे आजही मस्तक लवते. पण त्याच पुस्तकाच्या पानोपानी आपल्याला हेही दिसते, की त्या निश्चिंत औदार्याचा संसारातला जमाखर्च लक्ष्मीबाईंना जुळवावा लागत होता. आम्ही टिळकांना दोष देत नाही. ते देऊन मोकळे होत, साठवून नव्हे. आमचा रोख आजच्या त्या गृहस्थाकडे आहे, जो देतही नाही आणि घरखर्चाचा विषय निघाला की 'प्रभू पाहून घेईल' म्हणून वर्तमानपत्र उघडतो. प्रभू पाहून घेतो हे खरेच आहे. परंतु त्या महिन्याची दुधाची उधारी, गॅसची टाकी आणि सासऱ्यांची औषधे पत्नीने पाहून घेतलेली असतात.

येथे प्रभूच्या शब्दयोजनेकडे लक्ष वेधावेसे वाटते. पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, असे तो म्हणतो. फुले सूत कातीत नाहीत, असेही म्हणतो. पेरणी-कापणी हे त्या काळच्या शेतकरी पुरुषाचे काम, सूतकताई हे घरातील स्त्रीचे. दोघांचेही कष्ट त्याने नाव घेऊन सांगितले, दोघांचीही काळजी त्याला ठाऊक होती. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणाऱ्या आपल्या बांधवाला सुताचा हा दृष्टान्त कोणी समजावून देण्याची गरज नाही. कष्टकरी माणसाला कष्ट सोडण्यास प्रभू सांगत नाही. पाखरूसुद्धा दिवसभर चोच हलविल्यावाचून पोट भरीत नाही. कष्टाचे फळ कोणाच्या कोठारात जाऊन कुलूपबंद होते, हा त्याचा प्रश्न आहे.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेऊ. व्यवहारी सज्जन म्हणतात, हा उपदेश धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना शोभतो. आम्हां प्रापंचिकांना मुलांची शिक्षणे आहेत, आजारपणे आहेत, म्हातारपण आहे. तरतूद नको काय? तरतूद हवीच. नीतिसूत्रांच्या ग्रंथात आळशी माणसाला मुंगीकडे जाण्यास सांगितले आहे, ती उन्हाळ्यात अन्न साठविते म्हणून. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महान ग्रंथात याच शंकेचा विचार केला आहे. प्रत्येक काळाची आपली अशी योग्य काळजी असते, ती त्या त्या काळी घ्यावी. सुगीची काळजी उन्हाळ्यात घेणारी मुंगी शहाणी, पण द्राक्षांच्या हंगामाची काळजी उन्हाळ्यातच करीत बसणारा माणूस व्यर्थ शिणतो, अशा आशयाचे त्यांचे विवेचन आहे. तेव्हा विम्याचा हप्ता भरणारा, मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा काही बाजूला टाकणारा बाप प्रभूची आज्ञा मोडतो, असे म्हणणारा शास्त्र जाणत नाही.

प्रश्न साठविण्याचा नाहीच. साठवण कोणासाठी आणि कोठवर, हा आहे. पवित्र शास्त्रात दोन कोठारे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. योसेफाने मिसर देशात सात सुबत्तेच्या वर्षांत धान्य साठविले. दुष्काळ पडताच ती कोठारे उघडली गेली आणि दूर कनानातल्या भावांचीही भूक भागली. लूकच्या दाखल्यातील धनवानाने साठविले ते एकट्याच्या आरामासाठी. धान्य तेच, कोठार तेच, फरक दाराचा. एकाचे दार उघडते, दुसऱ्याच्या कोठाराची फक्त भिंत वाढत जाते.

कोल्हापूरकरांना हा फरक समजावून घेण्यासाठी मिसर देशाला जाण्याचेही कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीच्या आरंभीच, १८९६-९७ च्या दुष्काळात, रयतेसाठी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. आणि पुढे भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते काम अपुरेच होते. स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वास गेले. ज्या पाण्याचा लाभ आपल्या हयातीत दिसणार नाही त्याची तरतूद करणे, याला आम्ही चिंता म्हणत नाही. ही दूरदृष्टी आहे, आणि ती दुसऱ्याच्या शेतासाठी आहे. सुमारे सव्वाआठ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठच्या माणसाचे काळीज धडधडते, हे आम्ही विसरलेलो नाही. पण भरून गेल्यावरही जे उघडत नाही असे धरण किती दिवस उभे राहील, हे त्याला सर्वांहून अधिक कळते. पाणी साठविणे हे धरणाचे काम खरे. पण कोठे थांबावयाचे ती पातळी त्याला नेमून दिलेली आहे.

आपल्या संसारांना मात्र अशी पातळीच नसते. एक गुंठा झाला की दुसरा, एक फ्लॅट झाला की दुसरा. पुरेसे म्हणजे किती, हा आकडा आपण कधी ठरवीतच नाही. सोन्याचेच पाहा. गुजरीतल्या पेढीवर कोल्हापुरी साज घडविणे हा आपल्याकडील मायबापांचा जुना आनंद, त्याला आमची हरकत नाही. परंतु २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा ज्यांच्याकडे सोने नाही ते तर काळजीत पडलेच. ज्यांच्याकडे होते त्यांची झोप अधिक उडाली. घरात ठेवावे तर चोराचे भय, म्हणून लॉकर. आणि लॉकरची हमी किती? रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, तेवढीही नाही. बँकेतील ठेवींना २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थांना ते लागू नाही. कसर, गंज आणि चोर यांविषयी प्रभू जे बोलला, तेच आज नियमावलीच्या भाषेत छापून मिळते.

याहून मोठे संकट दामदुपटीचे. गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रात अशा किती योजना आल्या आणि किती कुटुंबांना धुऊन गेल्या, याची मोजदाद अवघड आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याला १९९९ साली स्वतंत्र कायदाच करावा लागला. या योजना माणसाच्या दोनच वृत्तींवर जगतात, लोभ आणि भय. वरवर पाहता त्या परस्परविरुद्ध वाटतात, पण प्रभूने त्यांना एकाच धन्याच्या दारी उभे केले आहे. आणि या योजनांचा दलाल बहुधा परका नसतो. तो नात्यातला असतो, ओळखीचा असतो, कधी कधी उपासनेत आपल्याच बाकावर बसणारा असतो. श्रद्धेच्या नात्याचा जामीन म्हणून वापर करून जो बांधवाची पुंजी असल्या खेळात ओढतो, तो केवळ कायद्याचा गुन्हेगार नव्हे; तो विश्वास या पवित्र शब्दाचाच अपहार करतो.

याच लोभाला आता धर्माचा झगा घालून मिरविणारे प्रचारकही वाढले आहेत. आधी देवाचे राज्य मिळवा म्हणजे बाकी सर्व मिळेल, या वचनाचा अर्थ ते असा लावतात, की देवाला शंभर द्या, तो हजार परत करील. गाडी मिळेल, बंगला मिळेल, परदेशाचा व्हिसा मिळेल. आपली काही घरे त्यांच्या सभांना जातात, म्हणून बोलावे लागते. ज्या 'बाकी सर्वा'चे आश्वासन प्रभूने दिले ते काय आहे? त्या अध्यायात तीनच गोष्टींचा उल्लेख आहे: खाणे, पिणे आणि पांघरणे. बंगल्याचा नाही. आणि ज्या राज्याचा आधी शोध घ्यावयाचा त्याच्या नीतिमत्त्वाचाही शोध घ्या असे तो म्हणतो. म्हणजे मजुराची मजुरी, मोलकरणीचा पगार, भावाची वाटणी. देवाशी दामदुपटीचा करार करणारा मनुष्य देवाची सेवा करीत नाही. तो धनाच्याच सेवेला देवाला जुंपतो.

मग या वचनाप्रमाणे जगावयाचे तरी कसे? शास्त्र येथे आपल्याला संदिग्धतेत सोडीत नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तेव्हा ज्याने दुसऱ्या दिवसासाठी लोभाने राखून ठेवला त्याच्यात किडे पडले. पण माप घेतले तेव्हा ज्याने फार गोळा केला त्याला अधिक झाले नाही आणि ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडले नाही. संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हीच ओवी उद्धृत करतो. आणि ती कशासाठी? यरुशलेमेतील गरजू बांधवांसाठी वर्गणी गोळा करताना! रानात जे देवाने चमत्काराने केले, ते ख्रिस्तसभेत आपण एकमेकांच्या हातांनी करावयाचे आहे, असा त्याचा आशय आहे. आद्य ख्रिस्तसभेत कोणी गरजवंत उरला नव्हता, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. तेथील लोकांना चिंता नव्हती याचे कारण त्यांची मने दगडाची होती असे नव्हे, तर त्यांची चिंता वाटली गेली होती. चौथ्या शतकात कप्पदुकियातील दुष्काळात संत बेसिल यांनी धनिकांना हेच बजावले, की तुझ्या पेटीत पडून असलेले वस्त्र उघड्याच्या मालकीचे आहे. आणि केवळ बजावून न थांबता अन्नछत्र उघडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, पृथ्वीवरील संपदा देवाने सर्वांसाठी निर्माण केली आहे, हा जुना सिद्धान्त नव्याने उच्चारला. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकर 'माझी' नाही, 'आमची' आहे. हा एक शब्द आपण रोज उच्चारतो आणि रोज विसरतो.

मराठी कॅथॉलिकांनी हे कधी केलेच नाही असे नाही. वसईच्या आपल्या बांधवांनी १९१८ साली एक पतपेढी काढली. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. आरंभी तेथे जमा झाले ते अवाढव्य धन नव्हते. एकट्याची विवंचना अनेकांनी वाटून घेण्याची वृत्ती जमा झाली होती. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेदेरिक ओझानाम या तरुणाने आपल्या मित्रांसह सुरू केलेली संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आज आपल्याकडील अनेक धर्मग्रामांत आहे. तिचा नियम साधा आहे: गरिबाला बोलावून देऊ नये, त्याच्या घरी जाऊन भेटावे. ज्याच्या घरी आपण बसलो आहोत त्याला उपदेश करणे कठीण जाते आणि मदत करणे सोपे.

केवळ टीका करून लेखणी खाली ठेवणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. म्हणून चार गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक कुटुंबाने येत्या उपवासकाळात एकत्र बसून आपली पातळी ठरवावी: एवढे आपल्या गरजेचे, एवढे तरतुदीचे, आणि याच्या वर जे येईल ते दरवाजातून बाहेर जाईल. आकडा घरच्यांनीच ठरवावा, परंतु ठरवावा. दुसरी, नदीकाठच्या प्रत्येक धर्मग्रामाने मे महिना संपण्यापूर्वी आपत्तिनिधी उभारावा. पाणी आल्यावर जुन्या कपड्यांची गाठोडी पाठविणे म्हणजे दान नव्हे, ती आपल्या कपाटाची सफाई आहे. पाणी येण्याआधी कोणाचे धान्य, कोणाची पुस्तके, कोणाची म्हातारी आई कोणाच्या माडीवर जाईल, याची यादी तयार असावी. तिसरी, जूनमध्ये शाळांची फी आणि वह्यापुस्तके यांसाठी बिनव्याजी उसनवारीची सोय असावी, म्हणजे आपल्या भगिनींना आठवड्याच्या हप्त्याच्या कर्जासाठी दारोदार जावे लागणार नाही; देणाऱ्याचे नाव फलकावर आणि घेणाऱ्याचे छायाचित्र कोठेही नसावे. चौथी, विवाह आणि मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद या मंगल संस्कारांभोवती मंडप, जेवणावळी आणि पोशाख यांची जी चढाओढ लागली आहे, ती सधन घरांनी आधी थांबवावी. गरीब बाप कर्ज काढतो ते हौसेने नव्हे, तुमच्या मंडपाकडे पाहून काढतो. तुम्ही मंडप लहान केलात तर त्याची एक चिंता तुम्ही एक पैसाही न देता दूर केलीत.

कोणी म्हणेल, कोल्हापुरात आपण मूठभर. आपल्यांत धनवान असे कितीसे? हे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच आमचा आग्रह आहे. मूठभर लोकांना एकमेकांची घरे ठाऊक असतात. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाची नोकरी सुटली आहे, कोण दोन रविवार दिसलेले नाही, हे मोठ्या शहराच्या मोठ्या चर्चमध्ये कळत नाही; येथे कळते. कळूनही जो गप्प बसतो त्याला अज्ञानाची सबब उरत नाही. आणि कोठार म्हणजे केवळ पैसा नव्हे. कोणाकडे रिकामी खोली आहे, कोणाकडे दुचाकी आहे, कोणाला रुग्णालयातील कागदपत्रे समजतात, कोणाची संध्याकाळ मोकळी असते. विधवेने टाकलेली दोन नाणी प्रभूने मोजली होती. धनवानांच्या राशी त्याने मोजल्या नाहीत.

पाखरांचे चित्र भिंतीवरून काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. ते असू द्यावे. पण त्याखाली लूकच्या बाराव्या अध्यायातील तेहतिसावी ओवीही लिहावी, म्हणजे वचन पुरे होईल. स्वर्गातील पिता पाखरांना खाऊ घालतो यावर आपली श्रद्धा आहे. आपल्या धर्मग्रामातील उपाशी घरात मात्र त्याने ते अन्न पोहोचविण्याचे काम आपल्या हाती सोपविले आहे. ते तेथे पोहोचत नसेल, तर त्याने पाठविले नाही असे म्हणण्यापूर्वी आपल्या कोठाराचे दार एकदा ढकलून पाहावे. अडकलेले बहुधा तेथेच सापडेल.